डीलर मीट भरवायला शिकताय? आधी माणसं मोजायला शिका

दुपारी पावणेदोनला भात संपला. नाशिकजवळचं हॉटेल, खतं-बियाण्यांच्या एका कंपनीची डीलर मीट, म्हणजे तिचा माल विकणाऱ्या दुकानदारांची बैठक, आणि माझं स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलंच काम. कंपनीने १५० माणसं सांगितली होती, मीही हॉटेलला १५० ताटांचीच गॅरंटी दिली होती. हॉलमध्ये निघाली १९३. कोणी मुलाला आणलं होतं, कोणी भागीदाराला, आणि एका काकांनी शेजारच्या दुकानदाराला, 'एकटाच गाडीत कशाला येऊ' म्हणून. शिवाय पार्किंगमध्ये ४१ ड्रायव्हर उपाशी उभे होते. त्यांना तर कोणी मोजलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी या कामात आधी आकडा बघते. खोल्या, खुर्च्या, ताटं, भेटवस्तू, बस, बॅज, सगळं त्या एका आकड्यावर उभं असतं आणि तो आकडा शेवटपर्यंत हलत असतो. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना स्टेज, लाइट, एलईडी वॉल यांची हौस असते. ती असू द्या. पण पगार किंवा फी मिळते ती मोजणीची.

कंपन्यांच्या बैठका अनेक तऱ्हेच्या असतात. इथे मी डीलर मीट धरून चालले आहे, कारण महाराष्ट्रात नवख्या माणसाला पहिलं काम बहुधा तेच मिळतं आणि त्यात जवळजवळ सगळं शिकून होतं.

ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते, समजून घेताना

क्लायंटकडे गेलात की पहिल्या पाच मिनिटांत 'थीम काय ठेवायची' असं विचारू नका. विचारा: डीलर घरी जाताना कोणती एक गोष्ट डोक्यात घेऊन जायला हवी? नवीन स्कीम? नवं उत्पादन? की मागच्या हंगामात माल वेळेवर न मिळाल्याने रागावलेत, त्यांची समजूत काढायची आहे? तिसरं उत्तर आलं तर सगळा कार्यक्रम बदलतो. रागावलेल्या माणसांना चार तास भाषणं ऐकवता येत नाहीत. त्यांना साहेबांशेजारी बसून जेवायला मिळायला हवं.

मग विचारा, शेवटचा शब्द कोणाचा? मार्केटिंगचा मुलगा तुमच्याशी रोज बोलतो, पण मेन्यू ठरवतो सेल्स हेड आणि बिल अडवतं अकाउंट्स. या तिघांचीही नावं पहिल्याच दिवशी वहीत हवीत. परत आलात की जे ठरलं ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा. तोंडी ठरलेलं पंधरा दिवसांनी कोणालाच आठवत नाही.

बजेट सांगायला क्लायंट लाजतो. 'तुम्हीच सांगा ना' म्हणतो. तेव्हा दरडोई भाषेत बोला. समजा माणशी ३,५०० रुपये आहेत आणि माणसं २००, तर हातात सात लाख. त्यातून हॉटेल, प्रवास, स्टेज-साउंड, भेटवस्तू आणि तुमची फी वेगवेगळी काढून दाखवा. दहा टक्के बाजूला ठेवायचेच, कारण आकडा हलणार आहे. (ही बाजूची रक्कम क्लायंटला दाखवावी की नाही यावर आमच्या धंद्यात दोन मतं आहेत. मी दाखवते. लपवलेली सापडली की पुढची सगळी बिलं संशयाने बघितली जातात.)

तारीख

तारखेसाठी इंग्रजी कॅलेंडर पुरत नाही. भिंतीवर पंचांग असलेलं कॅलेंडर लावा. पितृपक्षात नवीन उत्पादन बाजारात आणायचं म्हटलं की निम्मे डीलर नाराज होतात. श्रावणात मांसाहाराचा काउंटर ओस पडतो. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात मध्यवस्तीतलं हॉटेल घेणं म्हणजे पाहुण्यांना लक्ष्मी रोडच्या गर्दीतून चालवणं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्ताच्या दिवशी हॉल मिळत नाही, मिळालाच तर भाव लग्नाचा.

त्यावर धंद्याचं स्वतःचं पंचांग असतं. खतं-बियाण्यांच्या दुकानदाराला जूनमध्ये बोलावलंत तर तो येणार नाही, कारण पेरणीच्या तोंडावर गल्ला सोडून कोण हलेल? त्यांची मीट एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला हवी. रंगाच्या दुकानदाराला दिवाळीआधीचा महिना धरू नका. ३१ मार्चच्या आसपास कोणालाच धरू नका. आणि एक गोष्ट कोणत्याच कॅलेंडरवर नसते: त्या-त्या गावचा आठवडी बाजार. ज्या तालुक्यातून जास्त डीलर येणार, तिथला बाजार कोणत्या वारी भरतो ते सेल्स ऑफिसरला विचारा. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून कोणी तुमची भाषणं ऐकायला येत नाही.

जागा

हॉटेलच्या वेबसाइटवरची क्षमता रिकाम्या हॉलची असते. चाळीस बाय साठ फुटांचा हॉल म्हणजे २,४०० चौरस फूट. माणशी दहा फूट धरून ते सांगतात, २४० बसतील. त्यात सोळा फुटांचं स्टेज टाका, मागे एलईडी वॉल आणि तिच्यामागे तंत्रज्ञाला शिरायला तीन फूट, समोर साउंडचं कन्सोल, मधे जायची वाट, कडेला चहाचं टेबल. उरले दीडशे. तेही थिएटर पद्धतीने, नुसत्या खुर्च्या मांडून. पुढे टेबलं असलेली क्लासरूम मांडणी हवी असेल तर शंभराच्या आत या. पाच फुटी गोल टेबलाला दहा खुर्च्या लागतात, पण तिघांची पाठ स्टेजकडे जाते. भाषणं असतील तर त्या टेबलाला सहाच लावा, अर्धचंद्रासारख्या.

पाहणीला जाताना मोजपट्टी न्या आणि शक्यतो कार्यक्रमाच्याच वेळी जा. छताची उंची मोजा. दहा फुटी वॉल दोन फुटांच्या चौथऱ्यावर चढली की साडेअकरा फुटांचं छत कामाचं नाही. खांब कुठे आहेत? माल कोणत्या दाराने येतो, लिफ्टमध्ये आठ फुटी फ्लेक्सची फ्रेम मावते का? वीज गेली तर जनरेटर एसीसह सगळा हॉल उचलतो की नुसते दिवे? माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: त्या दिवशी शेजारच्या अर्ध्या हॉलमध्ये काय आहे? मोठे हॉल सरकत्या भिंतीने दोन केलेले असतात आणि त्या भिंतीतून ढोलकी आरपार येते. आमच्या एका क्लायंटचे एमडी पुढच्या पाच वर्षांचं धोरण मांडत होते आणि पलीकडे कोणाची तरी हळद ऐन रंगात आली होती.

गाव निवडताना नकाशा उघडून डीलर कुठून येणार ते टाचण्यांनी लावा. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला आणि नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या डीलरांसाठी इगतपुरी-नाशिक पूर्वीपेक्षा सोयीचं झालंय. मात्र रात्रभर गाडी चालवून सकाळी नऊला हजर राहा असं कोणाला सांगू नका. आदल्या रात्रीची खोली द्या. लोणावळा सगळ्यांना आवडतं, पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटात अडकलेल्या बसमधून येणारे फोन मी घेतलेत. तुम्ही घेऊ नका.

आकडा कसा काढायचा

सेल्स ऑफिसर यादी देतात ती त्यांच्या टार्गेटसारखी असते, थोडी फुगवलेली. गूगल फॉर्म पाठवून मोकळं व्हाल तर ६० जण भरतील आणि १६० येतील. डीलरला फोनच करावा लागतो, तोही तीनदा: पंधरा दिवस आधी, चार दिवस आधी आणि आदल्या दिवशी.

फोनवर काय बोलतात ते नीट ऐका. 'येतो की' म्हणाला तो येतो. 'बघतो' म्हणजे नाही, फक्त तोंडावर नाही म्हणवत नाही. 'प्रयत्न करतो' म्हणजे साहेबांचा फोन गेला तर येईल, तेव्हा त्याची वेगळी यादी करून सेल्स हेडला द्या. 'अहो नक्की म्हणजे नक्की, काळजीच सोडा' म्हणणाऱ्याला मात्र आदल्या दिवशी न चुकता पुन्हा फोन करा. माझ्या वहीत या चारांना चार खुणा आहेत.

त्याच फोनवर पुढचं विचारून घ्या. बरोबर कोण? गाडी कोणती, ड्रायव्हर आहे का? जेवण शाकाहारी, मांसाहारी की जैन? त्या दिवशी उपास? 'काही पथ्य आहे का' असं मोघम विचारलं तर सगळे नाही म्हणतात. 'चतुर्थी आहे त्या दिवशी, धरता का?' असं विचारलं की लगेच उत्तर येतं. आणि बॅजवर नाव कसं लिहायचं तेही विचारा. दुकानाच्या पाटीवर पाटील असतं, यादीत आडनाव वेगळंच असतं, आणि बॅज चुकला की माणूस दिवसभर तो खिशात ठेवतो.

हॉटेलशी कागद

हॉटेल तुमच्याकडून एक कागद सही करून घेतं, फंक्शन प्रॉस्पेक्टस. बोलण्यात सगळे 'एफपी' म्हणतात. मेन्यू, वेळा, मांडणी, दर, गॅरंटी, सगळं त्यात असतं आणि किचनपासून सिक्युरिटीपर्यंत प्रत्येक विभाग त्या दिवशी फक्त तोच कागद वाचतो. तुम्ही हॉटेलच्या सेल्सच्या मॅडमना फोनवर सांगितलेली जैन डाळ एफपीत नसेल, तर ती शिजणार नाही.

गॅरंटी म्हणजे किमान इतक्या ताटांचे पैसे देणारच. १५० ची गॅरंटी दिली आणि १२० जेवले तरी बिल १५० चं. १७० जेवले तर १७० चं. किचन गॅरंटीपेक्षा थोडं जास्त करतं, किती ते विचारून एफपीत लिहून घ्या. म्हणून गॅरंटी तुमच्या अंदाजापेक्षा थोडी खालीच द्यायची आणि वरचं ते जास्तीचं जेवण भरून काढतं. माझा हिशोब: 'येतो की' सगळे, 'प्रयत्न करतो'तले निम्मे आणि बरोबर येणारे पाहुणे, यांची बेरीज करून त्यातून पाच टक्के वजा. गॅरंटी किती तास आधीपर्यंत बदलता येते तेही लिहून घ्या.

ड्रायव्हर, साउंडवाले, फोटोग्राफर यांचं जेवण स्वतंत्र ओळीत, स्वतंत्र दराने लावा. बुफेच्या दराने ड्रायव्हर जेवले तर तुमची फी तिथेच जाते, आणि न जेवले तर डीलर परतीच्या वाटेवर तीन तास ड्रायव्हरच्या तोंडून तुमच्या कंपनीबद्दल ऐकतो.

कायद्याचं थोडं

मोकळ्या लॉनवर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पोलीस येतात, आणि आले की क्लायंटचे साहेब तुमच्याकडे बघतात. गाणी वाजवायची तर हॉटेल संगीताच्या परवान्याचा कागद मागेल, पीपीएल, आयपीआरएस वगैरे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा. लग्नाला मिळणारी सूट कंपनीच्या पार्टीला नाही.

संध्याकाळी मद्य असेल तर परवान्याचं काम हॉटेलवर सोपवा, पण तारीख स्वतः तपासा. आषाढी-कार्तिकी एकादशी आणि २ ऑक्टोबरला मिळणार नाही, तसंच मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदीच आहे. राज्यात बिअर-वाइनला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांची अट आहे, आणि डीलरांबरोबर आलेली पोरं बऱ्याचदा तेवीसची असतात.

गोव्याला मीट न्यायची हौस असेल तर आधी अकाउंट्सला विचारा. हॉटेलच्या सेवेवरचा जीएसटी हॉटेल ज्या राज्यात त्या राज्याचा लागतो. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर गोव्यातल्या हॉटेलने लावलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर स्वतःच्या करातून वजा करायची सोय, तिला मिळत नाही.

कधी एजीएमचं, म्हणजे कंपनीच्या भागधारकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं, काम आलं तर ते डीलर मीट समजून घेऊ नका. तिथे तारीख कायदा ठरवतो: ३१ मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपनीची सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेतच सुरू व्हायला हवी, राष्ट्रीय सुट्टीला नाही, आणि नोटीस पूर्ण २१ दिवसांची. तिथे कंपनी सेक्रेटरी सांगेल ते ऐकायचं.

स्टेज

आता ज्याची तुम्हाला हौस होती ते. दीपप्रज्वलनापासून सुरू करू, कारण पहिली फजिती तिथेच होते. समई एसीच्या झोताखाली ठेवलेली असते, वाती कोरड्या असतात, साहेब मेणबत्ती धरून उभे असतात, फोटोग्राफर 'सर, एक मिनिट' म्हणतो आणि ज्योत धरत नाही. उपाय आजीच्या देवघरातला आहे. वाती तासभर आधी तेलात भिजवा, एकदा पेटवून विझवा म्हणजे टोक काळं होतं, आणि त्या टोकावर कापराचा चुरा दाबा. मेणबत्ती नुसती जवळ नेली तरी पेटते. वरचा एसीचा झरोका पाच मिनिटं बंद करायला सांगा. मेणबत्तीखाली कागदी कप लावा, साहेबांच्या बोटांवर मेण पडू देऊ नका. आणि काडेपेटी दोघांकडे ठेवा, कारण एकाची कधीच सापडत नाही.

प्रेझेंटेशन आदल्या रात्री मागवा, मिळेल सकाळी. त्यातलं मराठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर तुमच्या लॅपटॉपवर 'नवीन योजना'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल. म्हणून फाइलबरोबर पीडीएफही मागा आणि प्रत्येक स्लाइड मोठ्या पडद्यावर एकदा उघडून बघा. माइकचे सेल कार्यक्रमाआधी नवे घाला, आदल्या दिवशीचे 'अजून चालतील' म्हणणाऱ्या साउंडवाल्याचं ऐकू नका.

मिनिटांचं वेळापत्रक करा, पण सत्काराला दुप्पट वेळ धरा. २० डीलरांना शाल-श्रीफळ द्यायचं तर प्रत्येकी एक मिनिट कागदावर ठीक दिसतं. प्रत्यक्षात माणूस शेवटच्या रांगेतून येतो, वाटेत दोघांना नमस्कार करतो, फोटोला दुसऱ्यांदा उभा राहतो. पुढच्या पाच जणांना आधीच स्टेजच्या पायरीशी आणून बसवा. यादीचा क्रम क्लायंटकडून लेखी घ्या. विक्रीनुसार की अक्षरानुसार हा वाद स्टेजवर सोडवायचा नसतो.

भाषण लांबलं तर? पहिल्या रांगेत बसून घड्याळ दाखवू नका, बघत नाहीत. सूत्रसंचालकाला स्टेजच्या कडेला उभं करा, हातात माइक घेऊन. वक्त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ती आकृती आली की तो आपोआप 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणतो. काही झालं तरी जेवण एकला लावा. दीड वाजला की मागच्या रांगा रिकाम्या होतात आणि भेटवस्तू हातात पडली असेल तर गाड्याही निघतात. भेटवस्तू म्हणूनच शेवटी, दारात.

पैसे

निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय हॉटेलला स्वतःच्या खिशातून पैसे भरू नका. मी दोनदा भरले, एकदा परत मिळायला सात महिने लागले. उद्यम नोंदणी करून घ्या, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत द्यायचं असा कायदा आहे, आणि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सची भाषा जरा मवाळ होते. क्लायंट टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आधीच भरायचा आयकर, कापून पैसे देईल, ते नुकसान धरू नका, विवरणपत्रात जुळवून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी जे जे वाढतं, जास्तीची बस, जास्तीचे दहा गुच्छ, त्याला तिथल्या तिथे व्हॉट्सअॅपवर 'ओके' घ्या. बिल तीन दिवसांत पाठवा, कार्यक्रम छान झाल्याची आठवण ताजी असते तोवर.

काम शिकायचं कुठे? मी हॉटेलच्या बँक्वेट विभागात, म्हणजे हॉल आणि मेजवान्या सांभाळणाऱ्या विभागात, एक हंगाम काढला आणि त्याचा मला कोणत्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोग झाला. तिथे तुम्हाला दिसतं की आयोजकांना कुठे-कुठे गंडवता येतं.

त्यातली एक जागा सांगते. बुफेला ताटांवर बिल होतं आणि ताटं हॉटेल मोजतं. एकच माणूस तीन ताटं घेतो: एक सॅलडला, एक जेवणाला, एक परत भाताला. म्हणून जेवण लागायच्या आधी बँक्वेट कॅप्टनबरोबर उभं राहून मुख्य ताटांच्या चळती मोजायच्या आणि आकडा एफपीच्या मागे लिहून दोघांनी सही करायची. सॅलड आणि गोडाला छोट्या बश्या वेगळ्या, त्या मोजणीत नाहीत. वापरलेली ताटं त्याच जेवणात धुऊन परत चळतीत येणार नाहीत हेही ठरवून घ्यायचं. जेवण संपलं की उरलेली मोजायची.

मागच्या एप्रिलमध्ये २४० ताटं लावली होती. संध्याकाळी बिल आलं २१२ जेवणांचं. मी कॅप्टनला म्हटलं, "दादा, चला, चळती बघू." उरलेली निघाली ५१. एफपी उलटा केला, दोघांची सही होती. म्हणजे १८९. माझ्या वहीत फोनवरचा हिशोब होता १८६.

"मॅडम, तीन कोण?" त्याने विचारलं.

"दोघं फोटोग्राफर," मी म्हटलं, "आणि एक तुमच्या सेल्सच्या मॅडम." त्याने बिल फाडलं आणि नवीन करायला गेला.